घुमट पुरा होईपर्यंत

३ एप्रिल, गुरुवार

नवी खोली मला आवडली. एकही पायरी नाही, अंगणातून थेट आत. जुन्या घरी जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून उभी राहायचे, आणि अल्जिअर्सला हृदयाची झडप बदलल्यावर डॉक्टरांनी जिना बंदच केला. जावयाने सकाळी सामान आणून दिलं: पलंग, दोन पेट्या, माझी पुस्तकं आणि लख्दरने घडवलेला तांब्याचा हंडा. अंगणात कडू संत्र्याचं झाड आहे. कळ्या टपोऱ्या झाल्यात. त्या उमलल्या की साऱ्या कसंतीना शहरात घरोघर फुलांचा अर्क काढायला बसतील.

घरमालकीण वनीसा, मानाने सगळे लल्ला वनीसा म्हणतात, माझ्याहून वयाने मोठी, पण अंगणात तुरुतुरु चालते. तिने मला मिठी मारली आणि तशीच कान लावून उभी राहिली. माझी झडप धातूची आहे, टिकटिकते. शांत खोलीत दुसऱ्यालाही ऐकू येते. म्हणाली, अगं बहिजा, घड्याळ गिळलंस की काय? बरंच झालं, चोर आला तर बाँब समजून पळेल, माझा कुलपाचा खर्च वाचला. मी हसले. छातीचे टाके ओढले तरी हसले.

मग तिची नजर हंड्यावर गेली. अर्काच्या भांड्याचा हा खालचा भाग. यावर घुमट बसतो, वाफ घुमटात चढून निवते आणि नळीतून थेंब थेंब बाटलीत उतरते. घुमट कुठाय, तिने विचारलं. मी सांगितलं, माझा नवरा लख्दर तांबट होता, हे माझ्यासाठीच करत होता. घुमटाचा पत्रा जेमतेम ताटलीएवढा खोल झाला आणि तो गेला. पत्रा त्याच्याच शालीत गुंडाळून हंड्यात ठेवलाय. लल्ला म्हणाली, नवरे मेले सगळे असेच, काम अर्धं टाकून निघून जातात. सांग त्याला, यंदाची फुलं संपायच्या आत पुरं करून दे म्हणावं.

ती गेल्यावर मी गमतीने हंड्यावर टिचकी मारली आणि म्हटलं, ऐकलंस ना लख्दर?

हंडा छान घुमला.

५ एप्रिल, शनिवार

इस्पितळातल्या परिचारिकेने सांगितलं होतं, ठोके कसे पडतात ते लिहीत जा, म्हणून ही वही. लिहायला मी लग्नानंतर शिकले, तेही आपलं आपण. लख्दर भांडी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणायचा, त्यांवरून अक्षरं लावत गेले. आता हाती येईल ते वाचते, गोळ्यांच्या खोक्यातला बारीक छापाचा कागदसुद्धा.

तर ठोके. नीट चालता चालता अडखळतात, मग तीनचार घाईने पडतात, मग एक पडतच नाही. तो न पडलेला ठोका फार वाईट. पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात, या शस्त्रक्रियेनंतर होतं असं, सकाळची गोळी ठोके ताळ्यावर आणेल. संध्याकाळची गोळी रक्त पातळ ठेवायची. ती जन्मभर.

रझीकाचा अन्नाबाहून फोन आला. माझी एकुलती लेक. दोन बाळं पोटातच गेली, आता तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला अंथरुणाला खिळवलंय. मेच्या शेवटी दिवस भरतील. म्हणाली, यम्मा, तू हाताशी असलीस तरच मी हे बाळ जगात आणीन, नाहीतर त्याला आतच बस म्हणेन. मी म्हटलं, वेडे, मी चालत येईन. शस्त्रक्रियेला मी तयार झाले ती एवढ्यासाठीच.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी सारं अंगण झोपलं होतं. मी डाव्या कुशीवर पडले होते. ठोके अडखळत होते, पण आज त्या अडखळण्यालाही वळण होतं. चार. मग थांबणं. मग दोन, घाईने. परत चार.

उठून बसले. हा ठेका माझ्या ओळखीचा.

तांबटांच्या गल्लीत प्रत्येकाचा हात वेगळा. पीठ मळता मळता आम्ही बायका सांगायचो, हा सालह, हा त्याचा भाऊ, हा बहिजाचा लख्दर. लख्दरचा खांदा दुखरा. चार घाव घालून तो हातोडी तोलून धरायचा, मग दोन घाव उरकून घ्यायचा. रझीका लहानपणी त्याच ठेक्यावर झोपायची.

छातीवर हात ठेवून बसले. चार, विसावा, दोन. रडू आलं, पण ते वाईट नव्हतं. इतक्या वर्षांनी घरात कोणीतरी कामाला बसलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

सकाळची गोळी घेतली की ठोके सरळ होतात, कुणाचेही असावेत तसे. तो निघून जातो. गोळीचा जोर ओसरला की परत येतो.

काल गोळी घेतली नाही. आजही नाही. रक्ताची गोळी सोडलेली नाही. ती सोडली तर झडपेवर गुठळी धरते, हे मी वाचलंय. मला वेड लागलेलं नाही. फक्त त्याला थोडा वेळ बसू द्यायचंय.

लल्ला वनीसा म्हणाली, गालांवर रंग आलाय गं, कोणी भेटलं की काय या वयात? म्हटलं, जुनाच भेटला. ती म्हणाली, जुने बरे, त्यांच्या खोडी तरी ठाऊक असतात.

१७ एप्रिल, गुरुवार

फुलं उमलली. झाडाखाली चादर अंथरून लल्लाने फांद्या हलवल्या, मी बसल्या जागी फुलं निवडली. तिच्या भांड्याला घुमट बसवून कापडाच्या ओल्या पट्टीने सांधा बंद केला आणि खाली मंद आच ठेवली. सारी खोली वासाने भरली. थेंब पडत होते आणि आत लख्दर ठोकत होता.

सी सालह आले होते, लख्दरचे दुकानातले भागीदार; वयामुळे आता मीही मानाने सी म्हणते. अक्रोडाची मिठाई आणली. लल्ला म्हणाली, विधवेच्या दारात मिठाई घेऊन येतोस, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, लोक म्हणतील सालहचे दात पडले, म्हणून वाटत सुटलाय.

ते बसले होते तोवर माझे ठोके सरळ चालले. मला त्याचंही नवल वाटलं नाही. दुकानात परकं माणूस आलं की लख्दर हातोडी खाली ठेवून कॉफी सांगायचा. आताचं दुकान माझ्या छातीत, तिथे सी सालहही परकेच.

सी सालह जुन्या गोष्टी काढून बसले. भांडं पुरं झालं की तांबट रिकाम्या ऐरणीवर तीन ठोके देतो. तो पहिला ठोका ऐकू आला की सगळी गल्ली हातोड्या थांबवते. तिसरा पडेपर्यंत कोणी घाव घालत नाही. मग सगळे मिळून म्हणतात, हातांना आरोग्य. सी सालह म्हणाले, लख्दरचे ते तीन ठोके मी शेवटचे कधी ऐकले, आठवत नाही. शेवटचं काम त्याचं राहूनच गेलं.

जाताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तब्येतीला जप, लल्ला बहिजा, म्हणाले. पातळ दिसतेस.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी अंगात आग पेटली. कान, मान, छाती, सगळं तापलेल्या तव्यासारखं. लल्लाने ओला टॉवेल ठेवला, त्याची वाफ निघाली असं ती म्हणते. तिला वाढवून सांगायची सवय आहे. मग एकाएकी गार घाम सुटला, डोक्यावरून थंड पाण्याची बादली ओतावी तसा. त्यानंतर अंग अगदी मऊ पडलं.

अर्ध्या तासाने ठोके सुरू झाले. चार, विसावा, दोन. आधीपेक्षा जोरात.

संध्याकाळी तांदूळ निवडताना एकदम लक्षात आलं. तांबं ठोकून ठोकून कडक होतं. मग तांबट ते लाल तापवतो, पाण्यात बुडवतो, आणि मऊ झालं की पुन्हा ऐरणीवर घेतो.

उद्यापासून सकाळची गोळी घ्यावी.

२४ एप्रिल, गुरुवार

गोळी तीन दिवस घेतेय. ठोके सरळ होत नाहीत.

आज हंड्यातून शाल काढली. पत्रा मी स्वतः गुंडाळून ठेवलेला, ताटलीएवढा खोल, काळपट, कडांना हिरवट झालेला. शालीत आता वाडगं आहे. चांगलं खोल, भिंती उभ्या राहिलेल्या. तळाला जुना काळपट रंग, आणि वर चढत गेलेले नवे घाव, कोवळ्या गुलाबी तांब्याचे, सगळे डावीकडे कललेले. लख्दर डावरा होता.

बोट लावलं. ऊन होतं.

तो मला सांगायचा, भांड्याची उंची आभाळातून पडत नाही, बहिजा. पत्र्याच्या जाडीतूनच ती काढावी लागते. जेवढं वर चढेल तेवढं पातळ होईल.

सी सालह मला म्हणाले होते, पातळ दिसतेस.

२७ एप्रिल, रविवार

डॉक्टरांकडे गेले. लल्ला बरोबर होती. मी सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की ठोके ठेक्यात पडतात. ते म्हणाले, आजी, या दुखण्यात ठेकाच तर नसतो. छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी निघाली, सरळ, शहाण्या मुलीच्या वहीसारखी. म्हणाले, उत्तम चाललंय.

परकं माणूस. लख्दरने हातोडी खाली ठेवली होती.

परतीच्या गाडीत दार लावताक्षणी सुरू.

३० एप्रिल, बुधवार

रझीकाचा फोन. मी ठरवलं होतं तिला काही सांगायचं नाही. तिला बाळाची धाकधूक वाटत होती, म्हणून उगाच आनंदी आवाजात बोलत होते. पडून बोलत होते आणि फोन छातीवर घसरला.

उचलला. रझीका लहानपणीच्या आवाजात म्हणाली, यम्मा, बाबांच्या हातोडीसारखं कोण ठोकतंय तिथे?

मी म्हटलं, शेजारी काम चाललंय.

ती म्हणाली, ते काम थांबव, यम्मा. मला भीती वाटते. मी म्हटलं, थांबवते.

२ मे, शुक्रवार

घुमट गोल होऊ लागलाय. वरचं तोंड आत वळतंय.

त्याच्याशी बोलले. मोठ्याने, दार लावून. म्हटलं, लख्दर, मी गंमत केली होती. मला घुमट नको. रझीकाचं बाळ येऊ दे, मग हवं तर बस कामाला. तो ऐकत नव्हता. कामाला बसला की त्याला ऐकू येतच नसे. जेवायला बोलवायला मला खांद्याला हात लावावा लागे.

आता कुठे हात लावू?

३ मे, शनिवार

पत्रा लल्लाच्या हाती दिला. म्हटलं, मोठ्या पुलावरून दरीत फेकून दे, का ते विचारू नकोस. ती म्हणाली, सोन्यासारखं तांबं फेकतात का गं? मी तिचे हात धरले. तिने माझा चेहरा पाहिला आणि पत्रा ओढणीखाली घेऊन गेली.

दुपारभर ठोके नाहीत. म्हणजे आहेत, पण साधे. झोप लागली. किती दिवसांनी.

५ मे, सोमवार

साधे. भाजी खाल्ली. बाळासाठी टोपी विणायला घेतली.

६ मे, मंगळवार

परत. हलके, जवळजवळ, न थकणारे. मोठी हातोडी ठेवून त्याने छोटी घेतलीय. हे मठारणं. आकार झाला की शेवटी करतात ते, सगळे घाव एकसारखे चमकावे म्हणून.

लल्लाला विचारलं, फेकलास ना? ती म्हणाली, रागावू नकोस, इतकं सुंदर काम, जवळजवळ पुरं. कल्हई करायला सालहकडे दिलं. तुला खूष करावं म्हटलं. फुलांच्या दिवसांत कोण अर्काचं भांडं दरीत टाकतं?

तिचं काय चुकलं. कसंतीनात कोणीही हेच केलं असतं.

८ मे, गुरुवार

सी सालह घुमट घेऊन आले. थेट ओट्यावरच बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, मी हा शेवटचा पाहिला तेव्हा थाळी होती. हात लख्दरचा आहे. गल्लीत कोणालाही विचार, दुसरा कोणी असा डावा घाव घालत नाही. फक्त काठाची एक फेरी राहिलीय. मी कल्हई केली नाही, लल्ला बहिजा. मी दुकानात ठेवला तेव्हा तो शेल्फावर वाजत होता.

या वेळी ठोके थांबले नाहीत. त्याचा हात ओळखला, आता सी सालह लख्दरला परके नाहीत.

मी म्हटलं, तुमची हातोडी काढा. एक घाव घाला, कुठेही, वेडावाकडा. म्हणजे काम त्याचं राहणार नाही. ते म्हणाले, दुसऱ्याच्या अपुऱ्या कामावर आमच्यात कोणी हातोडी टाकत नाही. मी म्हटलं, माझ्या लेकीचं बाळ तीन आठवड्यांवर आलंय. मी त्यांच्या पाया पडले असते, पण वाकता येत नाही.

त्यांनी हातोडी उचलली. घाव अगदी हलका पडला.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर, लल्ला तोंडावर फुलांचं पाणी मारतेय, आणि सी सालह दारात, रिकाम्या हातांनी, रडत. म्हणाले, तुझ्या छातीवर वण उठलाय.

उठलाय. चौकोनी, हातोडीच्या तोंडाएवढा.

डॉक्टरांशी लल्ला बोलली. शुक्रवार शनिवार सुट्टी, रविवारी सकाळी खाट देतो म्हणाले, तोवर जास्त झालं तर लगेच आणा. जास्त म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवार.

९ मे, शुक्रवार सकाळ

लख्दर काम कधी शुक्रवारच्या नमाजापलीकडे जाऊ द्यायचा नाही. आठवडा कोरा सुरू व्हावा म्हणायचा.

गाडी बोलवायला लल्ला धावत गेलीय. सुट्टीचा दिवस, रस्ते ओस. मी म्हटलं, लवकर ये. ती म्हणाली, घड्याळ बंद पडू देऊ नकोस गं. हसवायला म्हणाली. तिचे ओठ पांढरे होते.

घुमट समोर पलंगावर. मी त्याला हात लावत नाही, तरी काठ वळतोय. कणाकणाने. तांबं इतकं पातळ झालंय की खिडकीच्या उजेडात बोटांची सावली पलीकडून दिसते.

मनगट उजेडात धरलं. तेही.

चार. विसावा. दोन.

विसावा लांबत चाललाय —

—

वही धरवत नाही. गुडघ्यावर ठेवून —

मी त्याच्याशी भांडत नाहीये आता. तो वाईट नाही. त्याला वाटतं मी वाट बघतेय. घुमटाशिवाय अडून राहिलेय. तो माझ्यासाठीच —

लख्दर, माझं अडलेलं नाही. ऐक. माझं काही अडलेलं —

चार

दोन

काठ जुळला.

छातीत काहीच नाही. शांत. मग कोरडा ठणका, तांब्याचा नव्हे. रिकाम्या ऐरणीचा.

एक.

अंगणात चिमण्या गप्प झाल्या. सगळी गल्ली थांबते तशी —

फोन. रझीका. एवढ्या लवकर कळा —

रझीका, घुमट हंड्यावर बसवू नको, आच लावू नको, तो दरीत —

दोन

फोन वाजतोय. हात पोचतोय. लख्दर, एवढं एक ऐकू दे, बाळ रडलं की मग तू —